खालच्या कोपऱ्याला खाच असलेले मासे

मी, खाली सही करणारी, वरच्या आळीतली होडीवाली, धंदा मासेमारी, वय दाखल्यावर आहे ते आणि खरे तर त्याहून थोडे जास्त, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही, आणि हा मजकूर मला कोणी दमदाटी करून किंवा गोड बोलून लिहायला लावलेला नाही. दमदाटीला मी भीत नाही. गोड बोलण्याची मात्र मला धास्ती वाटते. आमच्या डॉक्टरांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे. पण ते माझ्या जावयाबरोबर पत्ते खेळतात, म्हणून मी शेजारच्या गावच्या डॉक्टरीणबाईंकडून दुसरा दाखला आणला. दोन्ही सोबत जोडले आहेत. दोन्हींत माझे वजन वेगवेगळे लिहिले आहे, याची नोंद घ्यावी.

कलम १. याआधी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतले शेवटचे माझ्या गादीखाली होते. एका सकाळी मी बाहेरून आले तर चादर माझ्यापेक्षा नीट खोचलेली दिसली, तेव्हाच समजले की ते कोणीतरी वाचले. म्हणून हे मृत्युपत्र वकीलबाईंच्या कपाटात राहील. कपाटाचे कुलूप मी स्वतः ओढून पाहिले आहे. ते माझ्या भावाच्या दुकानातले नाही, हेही विचारून घेतले आहे.

कलम २. माझे राहते घर, परसातली मासे धुराला लावायची खोली, आणि ओढ्याकडचा तुकडा माझ्या मुलीला मिळावा. फक्त मुलीला. जावयाचे नाव कोणत्याही कागदावर, पाटीवर किंवा दारावर लागू नये. त्याला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत. शहरातून लोक आणायचे, त्यांना जीपमध्ये घालून रानात न्यायचे आणि मासे धरायला लावायचे, असा त्याचा बेत आहे. मला तो कधी सांगत नाही, पण जेवताना पाण्याचा पेला पुढे करून विचारतो, "आई, एवढे मोठे मासे तुम्ही आणता तरी कुठून हो? मोठ्या तळ्यात तर आता बोटाएवढेही मिळत नाहीत." मी त्याला सांगते, "नशीब लागतं." तो हसतो. असा हसला की कुठेतरी पाणी मुरते आहे असे समजावे.

याच जावयाने मला एकदा रबरी बूट भेट दिले. भेट घेताना मी बूट उलटे करून पाहिले, तर तळव्यांना चांदण्यांचा ठसा. ओल्या मातीत अशी चांदणी उमटली की आंधळासुद्धा माग काढील. मी तोंड भरून आभार मानले आणि ते बूट दुसऱ्याच दिवशी आमच्या दूधवालीला दिले. पुढच्या आठवड्यात जावईबापू भल्या पहाटे चांदण्यांमागे चांदण्या मोजत निघाले ते थेट तिच्या गोठ्यात पोचले. म्हशीने लाथ मारली. मुलगी म्हणाली, "आई, ते फिरायला गेले होते." फिरायला गेलेला माणूस गोठ्याचे दार उघडत नाही. असो.

मुलीवर माझा राग नाही. तिला गांडुळाची किळस येते आणि नवऱ्यापाशी तिच्या पोटात काही राहत नाही, एवढेच.

कलम ३. मोठ्या तळ्यावरची होडी, वल्ही आणि साखळी खानावळीच्या मालकिणीला द्यावी. ती माझ्याकडून इतकी वर्षे मासे घेते आणि तिने एकदाही विचारले नाही की हे कुठले. आधी मला याचाच संशय यायचा. न विचारणारी बाई म्हणजे नक्कीच काहीतरी माहीत असणारी, असे मला वाटे. मग लक्षात आले की तिला फक्त मासा ताजा हवा असतो. अशी माणसे कमी असतात. होडीच्या तळाला उजव्या बाजूने पाणी येते, हे तिला आधी सांगावे.

कलम ४. गळाची काठी. ही माझ्या वडिलांनी केलेली. ती मधोमध मोडलेली असून मी दोऱ्याने गुंडाळून आणि डिंक भरून सांधली आहे. मोडली माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने. गावात त्याचे कुलपे दुरुस्त करायचे आणि किल्ल्या बनवायचे दुकान आहे. जो माणूस पोटासाठी दुसऱ्याची कुलपे उघडतो त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

वडील गेल्यावर थोड्याच दिवसांनी एक लाकडाचा ठेकेदार रानातल्या आमच्या वाटेवर फिरताना दिसला. वाट (कुठली ते कलम ६ मध्ये येईल) आमच्या घराबाहेर कोणाला माहीत नव्हती, आणि धाकट्याने माझा माग काढून ती पाहिली असणार असा मला संशय होता. मी भावाला चारचौघांसमोर विचारले, "किती गोड बोलला रे तुझ्याशी तो? काय काय सांगितलंस त्याला?" त्याने कोपऱ्यातली काठी उचलली, गुडघ्यावर धरून काडकन मोडली आणि म्हणाला, "यापुढे गळाला हात लावला तर मी बापाचं नाव लावणार नाही." त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. त्याला निरोप द्यायचा असला की मी दूधवालीकडून देते. काठी कोणालाही मिळू नये. माझ्यामागे ती चुलीत घालावी.

उरलेले गळ, तंगुसाची रिळे, शिशाच्या गोळ्या आणि पिसांची आमिषे एका पत्र्याच्या डब्यात आहेत. ज्याला हवी त्याने घ्यावी. डब्याचे झाकण लावताना मी त्यावर एक केस चिकटवून ठेवते, तो नसला तर आधी कोणी उघडला ते शोधावे.

कलम ५. वडिलांची छोटी कात्री. तिचे काय करायचे ते मला अजून ठरवता आलेले नाही. पण तिचे काम सांगितल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

आमच्या घरात रीत होती की दिवसाचा पहिला मासा पाण्याचा. तो केवढाही असो, आणि घरात चूल पेटायची वाट बघत असो, तो सोडायचा. सोडण्याआधी या कात्रीने त्याच्या शेपटीला बारीकशी खाच मारायची, म्हणजे पुन्हा भेटला तर ओळखता येतो. माशाला त्याचे काही वाटत नाही, नखे कापावीत तसे. डाव्या हातात मासा आणि उजव्यात कात्री धरली की शेपटीचा वरचा कोपरा हाताशी येतो. म्हणून माझ्या माशांना खाच वर असते.

कलम ६. आता डोहाविषयी.

रान सरकारचे आहे आणि पाणीही सरकारचे, तेव्हा डोह माझा आहे असे मी कागदावर म्हणू शकत नाही, असे वकीलबाई म्हणतात. ठीक आहे. वाट तर माझी आहे. ती माझ्या वडिलांनी मला एकटीला दाखवली आणि कानात सांगितले, "धाकट्याला कळता कामा नये. भोळा आहे तो. कोणीही गोड बोलून काढून घेईल." डोह कुठे आहे ते मी इथे लिहिणार नाही. एवढे लिहिते की तिथे पाणी काळेभोर असते, वरून झाडे इतकी दाट आहेत की दुपारीही गारठा वाटतो, आणि ठिपक्यांचे मासे तळाशी सावलीत उभे असतात, शेपटी हलवत, जागा न सोडता. मोठ्या तळ्यातही असे मासे होते. मग यंत्राच्या होड्या आल्या, लोक आले, आणि पहिला मासा सोडायची रीत ज्यांना कोणी सांगितली नव्हती त्यांनी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे नेले. डोह तळ्यापेक्षा कितीतरी लहान. जावयाच्या पाहुण्यांना एक मोसम पुरेल.

आणि डोह नुसता लपवून भागत नाही. उन्हाळ्यात त्याच्या खालचा ओढा आटतो. उतारावर डबकी राहतात आणि माशांची पिल्ले त्यांत अडकतात. ती बादलीत धरून वर डोहात नेऊन सोडावी लागतात, नाहीतर डबक्यांबरोबर सुकून जातात. हे कोणी केले नाही तर थोड्या वर्षांत डोहात नुसते पाणी उरेल. डोहापर्यंत मी अजून कशीबशी जाते, पण भरली बादली घेऊन माझा गुडघा आता चढण घेत नाही. म्हणजे वाट कोणाला द्यावी तर डोह लुटला जाईल, आणि कोणाला न द्यावी तर मरेल. माझी झोप यानेच उडाली आहे. बाकी घर, होडी, डबा यांचे काय व्हायचे ते होवो.

कलम ७. माझ्या भावावर आरोप.

डोहात चोर येतो. बरीच वर्षे येतो. पुरावा असा की माझ्या गळाला अधूनमधून असे मासे लागतात ज्यांच्या शेपटीला खाच खालच्या कोपऱ्यात आहे. आधी वाटले पाणमांजराने कुरतडले असेल. पण पाणमांजर कात्रीने कापत नाही. पुढे असे मासे वाढतच गेले. गेल्या मोसमात तर वरच्या खाचेपेक्षा खालच्या खाचेचे जास्त निघाले, म्हणजे चोर किती सोकावला होता ते बघा. मी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली, जावयाचे बूट तपासले, दुधाच्या घागरीत कात्री आहे का ते पाहिले. मग एक दिवस मी गंमत म्हणून कात्री डाव्या हातात धरून पाहिली. खाच खाली आली.

आमच्या घरात डावरा एकच.

त्याला वाट कशी कळली ते त्याला आणि त्याच्या किल्ल्यांना माहीत. त्याची कमाल अशी की गेल्या उन्हाळ्यात मी काठी टेकत, बसत उठत कशीबशी डबक्यांपर्यंत पोचले, तर डबकी रिकामी. एक पिल्लू नाही. पिल्लेसुद्धा सोडली नाहीत! त्या दिवशी मी तिथेच दगडावर बसून त्याला मोठ्याने शिव्या दिल्या. वकीलबाईंनी त्या इथे घ्यायला नकार दिला.

म्हणून लिहिते की माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला माझ्या मागे काडीइतकीही वस्तू मिळू नये. आणि पुढे त्याने कोर्टात भांडू नये याचीही मी तजवीज केली आहे. वकीलबाईंकडून मला कळले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. (दूधवालीही साक्षीदार आहे, पण बूट तिला मी जिवंतपणी दिले, आणि जिवंतपणी दिलेली वस्तू मृत्युपत्रात येत नाही, असाही खुलासा वकीलबाईंनी केला.) तेव्हा मी दूधवालीबरोबर भावाला निरोप धाडला की सही करायला ये. आपल्याच हाताने तो आपला पत्ता कापील.

कलम ८. डोहाची वाट मी कोणालाही देत नाही. ती माझ्याबरोबर जाईल. याने मला आनंद होतो असे कोणी समजू नये.

पुरवणी, त्याच दिवशी.

वरील मजकूर टंकून, मला वाचून दाखवून, त्यावर माझी आणि दूधवालीची सही झाली होती. पुढचे मी सांगेन तसे वकीलबाई हाताने लिहीत आहेत. त्या सगळे लिहीत आहेत ना, ते मी मान वाकडी करून बघते आहे.

भाऊ दुकान बंद करून आला. हातांना तेलाचा वास, मान पूर्वीपेक्षा पुढे आलेली. मी खिडकीकडे तोंड केले. तो वकीलबाईंना म्हणाला, "वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, आजोबा."

"मी कुणाचा भाऊ आहे ते बघा," तो म्हणाला. "वाचणार."

तो ओळीखाली बोट ठेवून वाचत गेला. बुटांपाशी नाकातून आवाज काढला. सातव्या कलमावर बोट थांबले. मी आता वळून त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण ते पडताना मला बघायचे होते. तोंड पडले नाही. त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो हसत हसत खुर्चीत मागे कलंडला.

"काय झालं?" दूधवाली घाबरली.

"ताई," तो मला म्हणाला. हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकून किती वर्षे झाली. "चोराने नेलेला मासा तुझ्या गळाला कसा लागला गं?"

"म्हणजे काय?"

"अगं, खाच कधी मारतो आपण? सोडताना. चुलीवर जाणाऱ्या माशाला कोण खाच मारतं? तू पुरावा म्हणून जेवढे मासे लिहिलेस ना, तेवढे सगळे मी सोडलेले आहेत."

दूधवाली म्हणाली, "अगोबाई, खरंच की!" मला आधी तिचाच राग आला, की हिला माझ्याआधी कसे कळले.

मी विचारले, "सगळे सोडलेस? एकही नेला नाहीस?"

"नेऊ कुठे? चारचौघांत काठी मोडून बसलोय. घरी मासा नेला असता तर बायको म्हणाली असती, हा कुठून आला? संध्याकाळपर्यंत तुझ्या कानावर. म्हणून धरायचा, डोळे भरून बघायचा, खाच मारायची, सोडून द्यायचा. दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी. तेव्हा तू बाजारात असतेस."

"आणि डबक्यातली पिल्लं?"

"बादलीने वर नेली. तुझा गुडघा गेलाय हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हटलं, ही बादली घेऊन कुठे चढते आता. तर तू चढलीस, आणि वर शिव्याही दिल्यास म्हणे."

मी इतक्यात हार मानणारी नाही. मी म्हटले, "वाट कोणी दाखवली तुला? बाबांनी फक्त मला दाखवली होती."

"मलाही असंच म्हणाले. फक्त तुला दाखवतोय, ताईला कळता कामा नये. तिच्या पोटात काही राहत नाही."

माझ्या पोटात काही राहत नाही! मी, जिने एवढी वर्षे जिवंत माणसाला ताकास तूर लागू दिली नाही. आणि म्हाताऱ्याने दोघांच्याही कानात तेच सांगून ठेवले. तरीही मी शेवटचे विचारले, कारण गोड बोलून गोष्ट बनवणारे पुष्कळ असतात. "फुटक्या कातळापाशी काय करावं लागतं, सांग."

"पालथं पडून सरकावं लागतं. पलीकडे हात धरायला बाबांनी रोवलेला खुंटा आहे. हल्ली तो डगडगतो. मी पाचर मारणार होतो, पण म्हटलं, तुला संशय येईल."

खुंटा डगडगतो. हे तिथे हात टेकल्याशिवाय कळत नाही.

मला रडू आले. वकीलबाई, हेही लिहा, गाळू नका. ज्याला मी चोर म्हणत होते तो माझा डोह भरत होता, आणि ते मासे मी विकून खात होते. गेल्या मोसमात खालच्या खाचेचे मासे जास्त का निघाले हे मला आत्ता कळले.

मी त्याला म्हटले, "सही करू नकोस. थांब." वकीलबाईही म्हणाल्या, "आजोबा, सही केलीत तर तुम्हाला यातलं काही मिळणार नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "दूधवालीने जिन्यातच सांगितलं." (दूधवालीच्या पोटात काही राहत नाही, याचीही नोंद घ्यावी.) "मला काही द्यायचं नाही म्हणूनच बोलावलंय हिने. कुणी काही देणार नसताना इतकी वर्षं जातोच आहे की मी तिथे." आणि डाव्या हाताने त्याने सही करून टाकली.

म्हणून कलम ७ आणि ८ रद्द. वकीलबाई म्हणतात, पुरवणीवर सगळ्यांनी पुन्हा सह्या करायच्या आहेत; वाटल्यास भावाच्या जागी दुसरा साक्षीदार बोलावता येईल, म्हणजे त्याच्या नावे काही ठेवता येईल. तशी गरज नाही. कात्री माझ्या पिशवीत होती, ती मी आत्ताच, दोघी बायकांसमोर, त्याच्या हातात दिली आहे. सांधलेली काठीही उद्या देणार. कलम ४ मधल्या चुलीला दुसरे काहीतरी शोधावे. जिवंतपणी दिलेली वस्तू मृत्युपत्रात येत नाही, आणि मी अजून जिवंत आहे.

कलम ९. डोहाची वाट माझ्या मुलीला मिळावी. ती मी आणि माझा भाऊ दोघांनी मिळून, एकाच दिवशी, एकाच वेळी दाखवावी. कोणीही तिच्या कानात वेगळे काही सांगू नये. गांडुळाला ती हात लावणार नाही, पण बादली उचलील, आणि ते जास्त गरजेचे आहे. जावयाला सांगायचे की नाही हे तिने ठरवावे. माझे मत तिला माहीत आहे.

कलम १०. ठेकेदाराला वाट कोणी सांगितली ते अजूनही उघडकीस आलेले नाही. भावाने नाही, एवढे मी मान्य करते. सध्या माझा संशय डॉक्टरांच्या वडिलांवर आहे. ते हयात नसल्यामुळे विषय इथेच सोडते.

कलम ११. उद्या सकाळी मी आणि भाऊ डोहावर जाणार आहोत. तो म्हणतो, चढणीवर मी तुला हात देईन. द्यावा. पण तो पुढे चालेल आणि मी मागे. कोणत्या झाडापाशी वळतो ते मला बघायचे आहे.

स्थळ: वकीलबाईंचे कार्यालय, पोस्टाच्या वरचा मजला.
दिनांक: शिक्क्यात आहे तोच, भिंतीवरच्या कॅलेंडरशी पडताळून पाहिला.

लिहून ठेवणार: होडीवाली (सही)

साक्षीदार १: दूधवाली (सही). सही करताना पायांत तेच बूट होते.

साक्षीदार २: लिहून ठेवणारीचा सख्खा धाकटा भाऊ, धंदा कुलपे-किल्ल्या आणि मासे सोडणे (सही). सही डाव्या हाताने केली आहे. ती खरी आहे, मी बघत होते.